सादी रिम, ट्युबलेस टायर आणि ताईची दुधनी

सोलापूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिला धक्का तिथेच बसला. दाजी (थोरल्या बहिणीचा नवरा, इकडे सगळे असंच म्हणतात) मला न्यायला आले होते आणि त्यांच्या स्कूटरला सायकलचा एक नवा कोरा पंप बांधलेला होता. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "तुमची ताई उद्या सायकलवर दुधनीला निघाली हाय. बायकांचा ग्रुप हाय. तुमी बी जायाचं. पोराची जुनी सायकल पुसून ठेवलीय."

दुधनी म्हणजे अक्कलकोटच्याही पुढे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. आणि माझी ताई म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेली, जिना चढताना देवाचं नाव घेणारी बाई. मी नाशिकहून दोन दिवस आयतं खायला आणि झोपायला आले होते. स्कूटरवर मागे बसून मी तोंडाचा आ वासला तो जुळे सोलापूर येईपर्यंत मिटला नाही, आणि थंडीतली बरीचशी धूळ पोटात गेली.

घरी ताईने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही पुढे ठेवलं. कडक भाकरी ही पापडासारखी कडाकड मोडते, महिनाभर टिकते आणि भूक नसलेल्या माणसालाही चार घास जास्त खायला लावते. मी खात होते आणि ताई बोलत होती. सहा महिने रोज पहाटे सायकल, गुडघे उलट सुधारले, ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठी तीच. "मला दुधनीला पोचायचंय, शैले. मध्येच कुणी गाडीत घालून आणलेलं मला चालणार नाही," असं तिने भाकरीचा तुकडा माझ्यावर रोखून सांगितलं. इतकी आनंदात मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"आणि काट्याची भीतीच ठेवली न्हाय मी," दाजी म्हणाले. "ट्युबलेस केली सायकल."

अक्कलकोट रोडला दोन्ही बाजूंना बाभळी, त्यामुळे काटा मोडून पंक्चर होणं तिथे नेहमीचंच. ट्युबलेसमध्ये आत ट्यूब नसते. टायर थेट रिमला बसतो आणि आत एक पांढरा चीक ओततात. काटा घुसला की चीक भोकात जाऊन ते बुजवतो. ताईला पंक्चर काढता येत नाही, रस्त्यात ती अडकून बसू नये, म्हणून दाजींनी आठवडाभर खपून हे स्वतः केलं होतं. मी नाशिकला तीन वर्षं सायकल चालवते, तेव्हा यातलं मला कळतं असा माझा समज आहे. मी सहज विचारलं, "रिम कोणती आहे?"

"रिम म्हंजे रिम. गोल हाय."

"तसं नाही दाजी. ट्युबलेसला रिम वेगळी लागते. सगळ्या रिमा चालत नाहीत."

दाजींचा चेहरा पडला आणि ताई माझ्यावर उखडली. "आली नाही तोच खोडा घालतेस? काल मी रेल्वेच्या पुलावरनं ब्रेक न लावता खाली आले. काही झालं का?"

दाजींनी मला पार्किंगमध्ये नेलं, मागोमाग ताईही आली. दाजी चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. खडखड चाललेल्या पन्नास मागांतून कुठला बिघडलाय हे त्यांना दारातून ऐकू यायचं, सुताचा ताण ते बोटाने छेडून सांगायचे. सायकलच्या तारा त्यांनी तशाच छेडून छेडून एका सुरात लावल्या होत्या आणि चाक खरोखर जरासुद्धा डुलत नव्हतं. मी मनापासून वा म्हटलं. मग ते म्हणाले, "हवा बी मी कानानंच भरतो. हवेचा काटा बघायची गरजच काय?" आणि त्यांनी टायरवर टिचकी मारली.

"अजून बद्द वाजतंय. टण्ण वाजाय पायजे." त्यांनी पंप लावला. चार-सहा दाब. टिचकी. "न्हाय." पुन्हा दाब. मी "दाजी, पुरे" म्हणाले. ताई म्हणाली, "भरू दे, उद्या लांब जायचंय." दाजींनी कान टायरजवळ नेला.

धडाम!

माझ्या कानात नुसती शिट्टी उरली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "सिलिंडर फुटला!" आणि जिन्यावरून माणसं धावत सुटली. पांढरा चीक भिंतीवर, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर, ताईच्या ओढणीवर, माझ्या केसांत. टायर रिमवरून उपटून निघाला होता आणि दोरीसारखा बाजूला लोंबत होता. दाजी उताणे पडले होते. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या, मिशी पांढरी, आणि हात पोटाशी धरलेला.

मी त्यांचा चष्मा काढला तेव्हा आतले डोळे उघडे आणि धड दिसले, आणि मला रडूच फुटलं. टायरची कड बोटांवर बसली होती, दोन बोटं सुजली, एवढ्यावर निभावलं. ताई मात्र पायरीवर बसून राहिली होती. ओढणीवरचा चीक पुसत ती म्हणाली, "पुलावर झालं असतं तर? मागनं उसाचा ट्रॅक्टर होता."

दाजींनी तो लोंबता टायर उचलला, चाक काढलं आणि मला स्कूटरवर बसायची खूण केली.

ज्या दुकानातून टायर आणला होता ते शहरात, दाटीच्या रस्त्यावर होतं. दुकानदार मध्यमवयीन, हसरा, दखनी बोलणारा. त्याने चाक हातात घेतलं आणि त्याचं हसू गेलं.

"आपा, टायर ट्युबलेसका, रिम सादी. ये नक्को करना था."

त्याने माझं बोट धरल्यासारखं करून रिमच्या आतून फिरवायला लावलं. सगळं गुळगुळीत. मग त्याने फळीवरची दुसरी रिम काढली. तिच्या आत दोन्ही कडांना बारीक कंगोरा होता. टायरची कड हवेच्या दाबाने त्या कंगोऱ्यापलीकडे सरकून अडकते आणि मग सहजी सुटत नाही. त्या रिमवर ट्युबलेसची असल्याचं छापलेलंही होतं, आणि हवा जास्तीत जास्त किती भरायची तेही. आमच्या रिमवर यातलं काहीच नव्हतं. तिच्यात टायर नुसता भरवशावर बसला होता.

"इत्ते दिन चल्या, उसका भरोसा नै," तो म्हणाला. "निकलनेके पहले बोलके निकलता क्या वो?"

"मग विकताना सांगितलं का नाही?" मी तावातावाने विचारलं.

"टायर मांगे, टायर दिया. रिम घरमें थी. मेरेकू क्या मालूम कौनसी है? पूछे नै इनो."

"मी काय इचारनार?" दाजी पुटपुटले. "टायर गोल, रिम गोल."

मग दुकानदाराने विचारलं की हवा किती होती. दाजींनी टिचकीचं सांगितलं. तो कपाळाला हात लावून मटकन स्टुलावर बसला. आत चीक असला की टायर टण्ण वाजतच नाही म्हणे, कितीही भरा, बद्दच वाजणार. म्हणजे दाजींचा तो नामी कान रोज थोडी आणखी हवा मागत होता आणि दाजी रोज देत होते. दाजींनी हात कानाकडे नेला आणि तसाच खाली आणला.

आम्ही साध्या ट्यूब घेतल्या, हवेचा दाब मोजायचा एक काटा घेतला आणि घरी आलो. माझी खात्री होती की दुधनी आता बारगळली. पण दाजींनी बैठकीतली सतरंजी गुंडाळली, चाक मधोमध ठेवलं आणि ताईला हाक मारली. "हितं बस. टायर काढ, ट्यूब घाल." ताई म्हणाली, तुम्ही घाला. "मी येनार हाय का तितं? काढ." संध्याकाळ होईपर्यंत तिने टायर काढला, घातला, काढला, घातला. नखं तुटली. दोनदा ती रडकुंडीला आली, एकदा तिने दाजींना नको ते सुनावलं. दाजी सुजलेली बोटं मांडीवर ठेवून समोर बसून राहिले, पण त्यांनी हात लावला नाही.

रविवारी निघालो. दोन्ही बाजूंना काळं रान, कणसं धरलेली ज्वारी आणि सकाळचा तिरका उजेड. मी मात्र पहिला तासभर फक्त ताईच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. शेजारून ट्रक गेला की माझी बोटं ब्रेकवर जात. अक्कलकोटात चहा झाला, पुढे रस्ता मोकळा झाला, आणि मला नुकतं कुठे रान दिसायला लागलं तोच फुस्स. बाभळीचा काटा, बोटाएवढा.

मी उतरून पुढे झाले, तर ताईने मला कोपराने बाजूला सारलं. ग्रुपमधल्या बायका थांबून बघत होत्या. हवा गेली ती नुसती फुसफुसत गेली होती, टायर जागच्या जागी होता, ताई दोन्ही पायांवर उभी होती. तिने ट्यूब बदलली, हवेचा काटा लावून दाब मोजला आणि धूळ झटकली. तेवढ्यात दाजींचा फोन आला.

"पंक्चर?" त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"झालं."

"मग?"

"मग काय? घातली ट्यूब. तुम्ही जेवून घ्या, धपाटे झाकून ठेवलेत."

दुधनीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चहाच्या टपरीवरच्या म्हातारीने आम्हा घामाघूम बायकांना बघून "ऊट आयता?" (जेवण झालं का?) असं कानडीत विचारलं आणि मग मराठीत, "सोलापुरास्नं? ह्याच्यावर? घरचे काय म्हनत न्हाईत?" ताई हसून हसून बाकावर आडवी झाली. आपली बहीण कुठवर जाऊ शकते हे मला त्या बाकापर्यंत माहीत नव्हतं. मग चहाचा कप तोंडाला लावत तिने विचारलं, "शैले, तुझी नाशिकची सायकलपण ट्युबलेस ना? तुझ्या रिमवर काय छापलंय?"

"छापलेलं असणारच," मी म्हणाले. "चांगल्या दुकानातून करून घेतलीय."

परतीच्या प्रवासात माझा डोळा लागला नाही. नाशिकला घरी पोचले, चपला न काढता, बॅग दारातच टाकून बाल्कनीत गेले. रिम ओल्या फडक्याने पुसली. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. कोरी होती. मग मी हवा सोडली, टायरची कड उचकली आणि आत बोट फिरवलं.

गुळगुळीत.

मी फरशीवर बसले. तीन वर्षं मी या चाकांवरून त्र्यंबकचे उतार सुसाट उतरत होते. ताईला फोन लावला आणि "कोरी आहे, आतनंही गुळगुळीत," एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "ट्यूब आणलीस? नाही ना? मग चालत जा आणि घेऊन ये. मी फोन ठेवत नाही."