बारा पिनांची खंडेनवमी

शिरवण्याच्या वामन मढवीचा अंगठा म्हणजे मापच. बाप मिठागरात राबला. वामन मात्र एमआयडीसीतल्या सुधीर घोरपड्यांच्या वर्कशॉपात ग्रायंडरवर उभा राहिला, त्याला एकतीस वर्षं झाली. केसाच्या विसाव्या हिश्शाचा फरक आपल्या अंगठ्याला कळतो, असं तो गावभर सांगे; आणि ते खरंही होतं.

यंदा काम आलं ते देशी बनावटीच्या पहिल्या क्रूझ क्षेपणास्त्राचं. ते विमानासारखं पंखांवर जाणार. सुटताना पंख मिटलेले, मग खटकन उघडणार. ते ज्यांच्यावर फिरणार त्या बारा पोलादी पिना वामनच्या. पिन अडली की पंख अडला, पंख अडला की सगळं समुद्रात.

पिना तयार झाल्या त्या नेमक्या खंडेनवमीला. वामनने रीतीप्रमाणे मशिनींना हळदकुंकू वाहिलं, आणि तेच ओलं बोट बाराही पिनांना टेकवलं. हत्यारांचीच तर पूजा!

दसऱ्यानंतर क्षेपणास्त्र बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या नमिता मॅडम तपासणीला आल्या. डबा उघडला आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"घोरपडे, हे काय? लग्नाच्या सुपाऱ्या आहेत का?"

सुधीर तापला. "वामनदादा, डोकं कुठं ठेवलं होतं? काम दुसरीकडं जाईल की हे!"

"मीच लावला," वामन म्हणाला. "हत्यार हाय म्हनून लावला."

मॅडमनी कुंकू पुसून पिन भिंगाखाली धरली. कुंकवाखाली गंजाचे बारीक टिपके धरले होते. वामनने डोळा लावला आणि कपाळावर हात मारला. "घामाचा बोट! मिठागराचा पोर मी, नि मीठ लोखंडाला खातो, तेच इसरलो."

"थोडं घासून घेऊ," सुधीर पुटपुटला.

"घासला का माप गेला, शेठ. नवीन करतो. मॅडम, तीन दिस द्या."

"तीनच. नाहीतर काम खरंच दुसरीकडे."

आधी त्याने जुन्या बारा पिना आपल्या हातांनी कापून भंगारात टाकल्या. मग कापडी हातमोजे चढवून नव्या घासायला घेतल्या. अंगठ्याची सवय सुटेना. दर घटकेला तो मोज्याकडे चिडून बघे आणि मुकाट्याने मापाच्या यंत्राकडे जाई.

चौथ्या दिवशी मॅडमनी बाराच्या बारा मोजल्या. एकही मागे काढली नाही.

"उघडतील ना पंख, काका?"

"बापाच्या मिठागराला भरतीचा पानी घ्यायची उघाडी व्हती. लाकडाची झडप ती, चाळीस वरसात कंदी अडली नाय. मंग ह्या तं माज्या हातच्या!"

मॅडम हसल्या. डब्याचं झाकण घट्ट लावून त्यांनी तो त्याच्यापुढे सरकवला.

"आता लावा कुंकू. झाकणावर."

वामनने हात धुतले, कोरडे केले, आणि बोट टेकवलं.