डावीकडे झिजलेला ठोकळा

कासिल्दा तार्कीच्या बोटांवर ठसे उरले नव्हते. एल आल्तोच्या पठारावर थंडीत सकाळी बादलीवर बर्फाची पापुद्री धरते. ती मुठीने फोडायची, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, वॉटर पेपरचा खरखरीत कागद भिजवायचा आणि गाडीचा रंग घासत राहायचं, हे तिने उभा जन्म केलं. सेवेरो मिस्त्रीच्या गॅरेजात ती आली तेव्हा चिंध्या धुवायला म्हणून आली होती. कडेवर नीलो होता आणि नवरा खाणीतून नुसता खोकला घेऊन परतला होता. घासणारा एक गडी दारू पिऊन पडला, म्हणून मिस्त्रीने तिच्या हातात कागद दिला. ती घागऱ्याचा घेर खोचून बसली ती बसलीच.

तिचा ठोकळा निलगिरीच्या लाकडाचा होता. त्याला कागद गुंडाळून ती घासायची. वर्षानुवर्षं तिच्या अंगठ्याचा जोर डावीकडे पडला, तशी ठोकळ्याची डावी बाजू तिरपी झिजली आणि उतार सुरू होतो तिथे एक बारीक धार उरली. अंगठ्याने भार उतारावर ठेवला तर धार रंगाला लागत नसे. हे गुपित तिच्या अंगठ्याला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नाही. एकदा मिस्त्रीनेच गंमत म्हणून तो ठोकळा हातात घेतला आणि एका गाडीच्या दाराचं लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, कापून खालचं पांढरं अस्तर उघडं पाडलं. त्या दिवशी तो हसला. चूक त्याची स्वतःची असली की तो हसायचा.

दुसऱ्याची असली की टमरेल होतं. गॅरेजचा हा कायदाच होता : काम बिघडणं एक वेळ चालेल, पण बिघडलेलं लपवलं तर घासकामाच्या बादलीतलं दुधट, कचकचीत पाणी टमरेलभर सर्वांसमोर प्यायचं. बेनिग्नो नावाचा गडी ते प्यायला तेव्हा भिंतीला धरून पांढरं ओकत राहिला. त्याच्या बायकोने रानपुदिन्याचा काढा पाजला तेव्हा कुठे त्याच्या पोटात अन्न ठरलं. तो पुन्हा कामावर आला नाही. त्याच्या जागी नीलो लागला.

नीलो आता चांगला दाढीमिशीचा झाला होता, पण त्याच्या चुका अंगावर घ्यायची आईची सवय सुटली नव्हती. लहानपणी त्याने शेजारणीची काच फोडली, ती म्हणाली माझा हात लागला. शाळेत त्याच्या दप्तरात दुसऱ्याची पेनं सापडली, ती म्हणाली मीच चुकून भरली. मारकुटा बाप मेल्यावर तरी पोराला कुणाचा हात लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. मिस्त्रीला हे सगळं दिसत होतं. "कासिल्दा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "तुझ्या राजपुत्राला सांग, गाडी घासायचीय, आईच्या गालाला गाल नाही." गडी हसायचे. नीलोही हसायचा, आणि मग दिवसभर आईशी बोलायचा नाही.

अशात ती काळी जीप आली. मालक रोसेंदो आपासा, मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापारी. नवा रंग, वर लॅकरचे हात, आणि बॉनेटमध्ये ढग दिसले पाहिजेत अशी अट. मिस्त्रीने बॉनेट नीलोला दिलं. हे काम नीट केलंस तर कायमचा ठेवीन, नाहीतर बेनिग्नोच्या वाटेने जाशील, असं त्याने सरळ सांगितलं.

नीलोच्या हातून कागद जमिनीवर पडला. पडलेला कागद टाकून द्यायचा असतो. हे चिंध्या धुणाऱ्यालाही माहीत असतं. त्याने तो उचलला, पाण्यात नुसता बुडवला आणि कानाशी फोन लावून तसाच घासत राहिला. वाळूचे कण कागदाला चिकटले होते. बॉनेटवर माशाच्या काट्यांसारखे ओरखडे उमटले.

जेवणाच्या सुट्टीत गडी रस्त्यापलीकडे शेंगदाण्याचं सूप प्यायला गेले, तेव्हा त्याने आईला बोलावलं. कासिल्दाने ओल्या बॉनेटवरून हात फिरवला. बोटांना आता फारसं कळत नव्हतं, म्हणून तिने मनगटाची आतली बाजू टेकवली. ओरखडे खोल होते. पुन्हा घासावं तर लॅकर उरणार नव्हतं, पुन्हा लॅकर मारायचं तर मिस्त्रीला सांगावं लागणार होतं.

"सांगू या का त्याला?" तिने विचारलं.

"सांग ना. तूच सांग. मग माझ्या पोटात ते पाणी गेलं की तू नीज निवांत."

तिने मग तेलकट पॉलिश काढलं. ते ओरखड्यांत मेणासारखं बसतं आणि वर आरसा दिसतो. साध्या पाण्याने ते कित्येक महिने निघत नाही. निघतं ते दारूने, आणि गाडीला आशीर्वाद मिळावा म्हणून तिच्यावर दारू ओतायची रीत असते ती कोपाकाबानाला, तळ्याकाठच्या देवीसमोर. पण रोसेंदो इव्हँजेलिक पंथाचा ख्रिस्ती होता. दारूला शिवत नसे, देवीला मानत नसे. त्याच्या दुकानात तर नाताळालाही फटाका वाजत नसे. या गाडीला दारू कधी लागणारच नाही, असा हिशेब कासिल्दाने केला. गडी परतले तेव्हा बॉनेटमध्ये ढग होते. मिस्त्रीने नीलोच्या पाठीवर थाप मारली. तिला वाटलं, सुटलो.

रोसेंदोची आई मात्र तिच्या हिशेबात नव्हती. शुक्रवारी म्हातारी स्वतः गॅरेजात आली, गोल टोपी सावरत जीपभोवती फिरली आणि मुलाला म्हणाली, "तुझा देव तुझ्यापाशी ठेव. घाटात ब्रेक काय तुझा पास्टर दाबणार आहे? देवीला पाजल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही." रविवारी कोपाकाबाना ठरलं, आणि रीतीप्रमाणे मिस्त्रीला त्याच्या माणसांसकट बोलावणं आलं.

कासिल्दाने नीलोला बाजूला घेतलं. नीलोला ती म्हणाली, अजून वेळ आहे, सांगून टाकू. तो म्हणाला, "आई, तू तोंड उघडू नकोस. तुझ्या तोंडानेच आपण बुडू."

वाटेत तिकीनाला तळं चिंचोळं होतं, तिथे गाड्या लाकडी तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. तराफा हेलकावला की ती मनातल्या मनात म्हणायची, जाऊ दे ही जीप पाण्यात. पण जीप पलीकडे उतरली, तिला फुलांचे हार घातले गेले, पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं. पाण्याने काहीच झालं नाही. मग तोडगे करणारा म्हातारा पुढे आला आणि त्याने बाटलीभर शुद्ध दारू बॉनेटवर ओतली. म्हातारीने मोठ्या भक्तीने आपल्या शालीच्या टोकाने ती सगळीकडे चोळली.

तळ्यावरचं ऊन निष्ठुर असतं. शाल जिथून फिरली तिथून झळाळी पुसली गेली आणि ओरखड्यांचं अख्खं जाळं उघडं पडलं. फटाके वाजतच होते. म्हातारी शाल हातात धरून थिजली. माझ्या देवीला ही गाडी पसंत नाही, असं ती पुटपुटली.

मिस्त्री चिडला नाही. त्याने मालकाची हात जोडून माफी मागितली, बॉनेट फुकट नवं करून देण्याचं वचन दिलं, आणि जेवताना आपल्या ताटातला मासा नीलोच्या ताटात वाढला. खा, म्हणाला. तो खाऊन संपेपर्यंत मिस्त्री समोर बसून राहिला.

सोमवारी सगळे गोळा झाल्यावर त्याने विचारलं, "बॉनेटवर पॉलिश कुणी भरलं?"

कासिल्दा तोंड उघडणारच होती. 'मीच' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, तो तिथे कायमचाच असायचा. पण नीलो तिच्या आधी बोलला.

"आईने. मला काही माहीत नाही. घासलंही तिनेच, मी जेवायला गेलो होतो."

गड्यांपैकी कुणी वर पाहिलं नाही. तो जेवायला गेला नव्हता, हे सूप पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मिस्त्रीलाही माहीत होतं. तेच तर त्याला आवडलं.

"असं का, कासिल्दा?"

"हो," ती म्हणाली. "मीच."

मिस्त्रीने टमरेल नीलोच्या हातात दिलं. "पोराच्या हातून पाणी मिळायला नशीब लागतं म्हणतात. बघू तुझं नशीब."

नीलोने बादलीत टमरेल बुडवलं. अर्धंच भरलं होतं. "काठोकाठ," मिस्त्री म्हणाला, तेव्हा त्याने पुन्हा बुडवलं. आईला देताना त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती प्यायली. दाढांखाली कचकच झाली, साबण घशात चढला, थंडीने दात ठणकले. पिता पिता तिला त्याची ओली बाही दिसली आणि मनात आलं, बदलली नाही तर सर्दी होईल.

मिस्त्रीने तिला घरी पाठवलं, कायमचं. तिची जागा नीलोला दिली. बॉनेटवर नवं लॅकर चढेल आणि नीलो ते घासेल, म्हणाला. पुन्हा काही लपवलं तर टमरेल तेच आहे, आणि या वेळी प्यायला आई नसेल.

कासिल्दा तीन दिवस ओकत होती. बेनिग्नोच्या बायकोने रानपुदिना आणून दिला. नीलो उंबऱ्यावरून विचारायचा, बरं आहे का, आणि उत्तराची वाट न बघता जायचा. लॅकर वाळलं त्या संध्याकाळी तो तिच्या खाटेपाशी आला.

"आई, तुझा ठोकळा दे. मिस्त्री म्हणतो, आरसा त्यानेच उतरतो."

तिने उशाखालून ठोकळा काढला. त्याच्या तळहातावर ठेवला, आणि त्याचा अंगठा धरून योग्य जागी नेऊ लागली. "हे बघ, डावीकडे..."

त्याने हात काढून घेतला. "आता शिकवू नकोस. तुझ्या शिकवण्यानेच माझं नाक कापलं गेलं."

तिचं तोंड अजून उघडं होतं. मग धारेचा शब्द आतच ठेवून तिने ते मिटलं.

सकाळी तो ठोकळा खिशात घालून गेला. तिने कोरडी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, एवढंच. बादल्यांवरचा बर्फ वितळायची वेळ झाली तेव्हा ती उठली, उतारावरच्या बाजारात गेली आणि रानपुदिन्याची मोठी जुडी घेतली. बाजारवालीने विचारलं, अजून पोटात काही ठरत नाही का, कासिल्दाबाई?

"माझ्या पोटात ठरतं," ती म्हणाली. घरी येऊन तिने पाणी चुलीवर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसली.