माझ्या इन्स्पेक्टरचं आडनाव

माझ्या कादंबरीत पाण्यासाठी खून होतात. पुढच्या काळातलं धुळं आहे, तापी आटलेली आहे, सरकार माणसाच्या वागणुकीला गुण देतं आणि त्या गुणांवर घरचा नळ सुटतो. तपास करणारा इन्स्पेक्टर हुशार आहे, पण लाच खातो, आणि एका प्रकरणात स्वतःची मान सोडवायला निरपराध प्लंबरला आत टाकतो. एवढं सगळं मी रचलं आणि वाचकांनी विचारलं काय, तर इन्स्पेक्टरचं आडनाव. ते मी पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.

जळगावला एका वाचनालयात चर्चा ठेवली होती. तिथे एका निवृत्त प्राध्यापकांनी आडनावाचा शोधही लावून टाकला. इन्स्पेक्टर नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला राहतो, म्हणजे कोणत्या वस्तीतला ते कळतंच, असं ते हसत म्हणाले. वर त्याची लाचखोरी फार वास्तववादी उतरली आहे म्हणून माझं अभिनंदन केलं. मी त्याला टोकाला ठेवला, कारण पाणी मधल्यामधे कोणी पळवलं तर ते टोकाच्या माणसाला आधी कळतं. दिवस दिवस नळाची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना विचारलं, प्लंबरचं काय वाटलं? त्यांना प्लंबर आठवेना.

धुळ्याला घरी आलो तर आमचीच माणसं बसलेली. आम्ही बौद्ध, विहारात माझा सत्कार ठरला होता आणि वडिलांना पहिल्या रांगेत बसवणार होते. वडिलांनी त्यासाठी पांढरा शर्ट कांजी करून आणला होता, तो दाराच्या खिळ्याला टांगलेला होता. विहार समितीच्या भाऊंनी पुस्तकातल्या पानांना खुणा घालून आणल्या होत्या. आपला माणूस अधिकारी दाखवला हे चांगलं केलं, पण लाचखाऊ कशाला, लोक आधीच टपून बसलेत, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी अट घातली. स्टेजवर मी एवढंच सांगायचं, की हा इन्स्पेक्टर आपल्यातला नाही.

म्हणजे यांनीही तेच केलं होतं. टोकाचा नळ बघून आडनाव लावलं. तिकडच्यांना त्या आडनावामुळे लाच खरी वाटली, इकडच्यांना त्याच आडनावामुळे ती पुसून हवी होती. रात्रभर झोप न येणारा, आपण कोणाला आत टाकलं ते पुरतं माहीत असलेला तो माणूस कोणालाच नको होता. मी म्हणालो, तो कोणातला आहे ते मी सांगणार नाही आणि कोणातला नाही तेही सांगणार नाही. भाऊंनी वडिलांकडे बघितलं. वडील खिळ्यावरच्या शर्टाकडे बघत राहिले. सत्कार रद्द झाला हे ते लोक चपला घालता घालता सांगून गेले.

ते गेल्यावर मी घरात आवाज चढवला. समितीवरचा राग वडिलांवर काढला, कारण समोर तेच होते. तुम्ही एक शब्द का बोलला नाहीत, नाना? तुम्ही तरी वाचलं का ते पुस्तक?

वडील तहसील कचेरीत कारकून होते. कोणाचं काम केलं तर त्याच्या हातचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. कचेरीत ते प्रमाण मराठी बोलत. घरात मात्र अहिराणीच, सगळ्याला 'बठ्ठं' म्हणणारी.

"वाचं ना," ते म्हणाले. "तुना इन्स्पेक्टर लाच खास, चुकस, तरी त्याले लोके एकटालेच वाईट म्हनतस. त्या पुस्तकमां तरी. मी एक डाव चुकतू ना, ते आपली बठ्ठी गल्ली चोर ठरती. मनी बठ्ठी नोकरी त्या धाकमां गयी."

मग ते उठले, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि घडी घालू लागले. सत्कार हुकल्याचं वाईट वाटतंय का, मी विचारलं. नाही म्हणाले. वाचताना त्या इन्स्पेक्टरचा हेवा वाटला, एवढंच म्हणाले.