सुनीलभाऊ डायरेक्टर होतात

आमच्या ऑफिसातल्या फायली दरवर्षी गठ्ठा बांधून माळ्यावर जातात. किस्से कुठे ठेवायचे? ते आपले चहासोबत निघतच राहतात! उल्हासनगर कॅम्प पाचला कंपन्या रजिस्टर करून देणारे लालवानी सर, आणि मी त्यांची असिस्टंट. आज सांगते ते पालेगावच्या सुनीलभाऊंचे.

भाऊंचं जीन्स शिवायचं युनिट बुडालं. बँकेशी लेखी सेटलमेंट झाली, हप्ते चालू होते. अशात त्यांना पूर्वी बटणं पुरवणाऱ्या कमलताई म्हणाल्या, "कंपनी काढू. मी आणि तुम्ही डायरेक्टर."

पहिल्या दिवशी भाऊ दारातूनच हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्यासारख्याने फॉर्म भरला तर पोलीस येतात का?"

सर हसले नाहीत. "कोर्टाने दिवाळखोर ठरवलंय? तसा अर्ज कुठे चालू आहे?"

"नाही."

"मग साईं, डायरेक्टर होता येतं. फक्त खरं लिहायचं, बस!" सर सिंधी, समोरच्याला साईंच म्हणतात.

भाऊंनी फॉर्म चारदा वाचला. 'अपात्र' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा शब्द खोडता येईल?"

*

फॉर्मसाठी भाऊंनी शिवमंदिराजवळच्या स्टुडिओतून फोटो काढून आणला. चेहरा असा, की आत्ता कुणीतरी पकडून नेणार आहे!

मी म्हटलं, "भाऊ, दुसरा काढा ना."

"हा तिसरा आहे!"

*

ओटीपीच्या दिवशी फोन टेबलावर थरथरत होता, भाऊ हात लावेनात. वसुलीवाल्यांनी दोन वर्षं छळलं होतं. फोन वाजला की तेच वाटायचे. दोन ओटीपी वाया गेले. तिसऱ्याला मीच फोन उचलला.

डोळे मिटून भाऊ म्हणाले, "किती मागतायत?"

मी स्क्रीन बघत बोलून गेले, "सहा आकडी आहे!"

पाणी आणावं लागलं.

*

मग बँकेचं पाकीट आलं. मुलगी आजारी होती म्हणून एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला होता. सेटलमेंट रद्द झाली असणार, या धास्तीने भाऊ ते पाकीट न फोडता चार दिवस खिशात घेऊन फिरले. शेवटी सरांपुढे ठेवलं. सरांनी फोडलं, वाचलं. 

"शाखेचा पत्ता बदललाय."

भाऊ खुर्चीत बसले. म्हणाले, "हप्ते नवीन पत्त्यावरही भरायचेच ना?"

*

सह्यांच्या दिवशी सरांनी विचारलं, "कमलताईंना बँकेचं सांगितलंत?"

भाऊ फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले.

"त्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

अंबरनाथहून ताई आल्या, शेजारी बसल्या. भाऊंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कर्ज, युनिटला लागलेलं सील, मशिनींचा लिलाव, उरलेले हप्ते. शेवटी म्हणाले, "नको वाटत असेल तर उठा, ताई. मला राग येणार नाही."

ताई उठल्या नाहीत. "लिलावात मशिनी कोणी घेतल्या, माहितीये?"

"नाही. मला बघवलं नसतं. मी गेलोच नाही."

ताईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"मी. तेलपाणी करून ठेवल्यात. करा सही."