बटन, बटन, बटन

बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजची वेबसाइट सांभाळणारा हा गृहस्थ माझ्याशी नेहमी ओरडून बोलतो. मी आंधळा आहे, बहिरा नाही, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

माझा मोबाइल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. या पठ्ठ्याच्या साइटवर मात्र बटनांवर नुसती चित्रं, त्यामुळे मोबाइल नुसता “बटन, बटन, बटन” करत सुटतो. कोणतं प्रवेशाचं, कोणतं निकालाचं, कळायला मार्ग नाही. प्रत्येक बटनाला मोबाइलला वाचता येईल असं आतून नाव द्या आणि सगळ्या पानांवर तेच ठेवा, असं मी वर्षभर सांगतोय. “हाव सर, करूनच राह्यलो,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. वर पुन्हा, “बाकी पोरायले तं सारं दिसते. मंग घाई काऊन?”

यंदा एका अंध मुलीला अर्जाचं बटन सापडलं नाही आणि प्रवेशाची मुदत गेली. मी प्राचार्यांकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी हा धापा टाकत आला.

“सर, तुमचं काम करून टाकलं! पयल्याच पानावर ‘दिव्यांगस्नेही’ असा मोठ्ठा शिक्का लावला!”

मी पानावर बोट फिरवलं. शिक्क्यावर येताच मोबाइल म्हणाला, “बिननावाचं चित्र.”

“झकास दिसते ना, सर?” तो ओरडला.