वायरच्या वरून जाणारा शॉट

नंदूच्या पिंडाला आज कावळा शिवला नाही.

दहावा होता. आमची अख्खी जुनी टीम घाटावर. कावळा विजेच्या वायरवर बसलेला आणि आम्ही खाली, माना वर करून.

ज्यांनी नंदूला पाहिलं नाही त्यांना सांगतो. भिवंडीला निजामपुऱ्यात पॉवरलूमच्या शेडमागे आमचं बास्केटबॉलचं ग्राउंड होतं. रिंगच्या पुढ्यातूनच वायर गेलेली. आम्ही सगळे कडेकडेने खेळायचो. नंदू थेट समोरून, वायरच्याही वरून बॉल टाकायचा.

फक्त जाळी हलायची. भिवंडीत त्याला अडवणारा कोणी नव्हता.

मग ठाण्याला सिलेक्शन. मोठा बंद हॉल, वायर नाही. तरी नंदूने तसाच उंच टाकला. बॉल छताच्या लोखंडाला लागला. परत टाकला, परत लागला.

मी ओरडलो, "अरे, इथे वायर नाहीये! खाली टाक!"

"वायर न्हाय ते माज्या डोल्यांना दिसते ना," म्हणाला. "हात आयकतच न्हाय."

सिलेक्शन गेलं. नंदू काल्हेरच्या गोडाऊनला कामाला लागला, तो कायमचाच.

नंतर कितीतरी वर्षं आमच्या ग्रुपवर एकच वाद. टीममधला इम्तियाज म्हणायचा, "शॉट नहीं, बीमारी थी. सीधा मारता तो स्टेट खेलता." मी म्हणायचो, तो शॉट काढला तर नंदूत उरतं काय?

आमचा टाइमपास व्हायचा. त्याचं आयुष्य गेलं होतं.

नंदू भेटला की हळूच विचारायचा, "खरं सांग, शॉट चुकीचा व्हता का?" मी दर वेळी म्हणायचो, बरोबर होता. पण त्याला ते इम्तियाजकडून हवं होतं.

गोडाऊनमध्येच ड्युटीवर छातीत कळ आली. संपलं.

आज घाटावर त्याचा भाऊ म्हणाला, आईला सांभाळतो. बहीण म्हणाली, तुझ्या पोरीला शिकवते. कावळा ढिम्म.

शेवटी आईच म्हणाली, "त्या बॉलचं काय तरी बोला रं. त्याचा जीव त्यातंच हाय."

इम्तियाज पुढे आला. हात जोडले.

"नंदू, तेरा शॉट सही था. मैं हारा, भाई."

कावळ्याने मान वळवली. वायर सोडली नाही.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. इम्तियाज तिथेच खाली बसला, लहान पोरासारखा रडत.

तुला जे ऐकायचं होतं ते आज बोललं गेलं रे. ऐकायला तू नव्हतास.

नंदू, शेवटचा रामराम.