बिनपायऱ्यांचं सभागृह

माझे सासरे गवंडी. गल्लीत त्यांना सगळे 'ओळंबा' म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, ज्यावरून भिंत सरळ उभी आहे की नाही ते कळतं. हे नाव कौतुकानं पडलं की वैतागून, यावर गल्लीत दोन मतं आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसताना डावीकडे कलता." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर ताठ बसतो. त्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी, आणि दोघंही मला जावईबापू म्हणतात. मामींच्या तोंडी त्यात माया असते. मामांच्या तोंडी बहुतेक वेळा तक्रार असते.

गल्लीच्या वरच्या टोकाला सभागृह आहे. ते मामांनी चौदा वर्षांपूर्वी बांधलं, आणि आपल्या हातून आयुष्यात एखादं काम खरोखर नीट झालं असेल तर ते हे, असं ते मानतात. सभागृहाला एकही पायरी नाही. रस्त्यावरून पाऊल टाकलं की थेट आत. गल्लीच्या समितीच्या नकाशात जोतं अडीच फुटांचं होतं, म्हणजे दारापुढे पाच पायऱ्या. मामांनी भांडून जोतं खाली आणलं, कारण मामींचे गुडघे. त्याआधी चार वर्षं पूर आला होता, तेव्हा मामींचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून शाळेच्या जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेलं होतं. अर्ध्या जिन्यात खुर्ची कलली, मामी किंचाळल्या आणि खाली उभी असलेली अख्खी गल्ली वर बघत राहिली. पुढे पाय जुळला, पण गुडघे कायमचे कुरकुरायला लागले. त्या खुर्चीचा विषय घरात कुणी काढत नाही. सभागृहात मात्र मामी कुणाचाही हात न धरता जातात.

मी विद्यापीठाच्या लोकशिक्षण विभागात सहायक आहे. हवामान कसं बदलतंय आणि संकट आलं तर वस्तीनं काय करायचं, याचे वर्ग आम्ही दर शनिवारी संध्याकाळी याच सभागृहात सुरू केले. पहिल्या वर्गाला मामा आले ते काही ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. पडदा लावायला आम्ही भिंतीत खिळा ठोकू, अशी त्यांना धास्ती होती. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून ते पहारा देत बसले. आमच्या प्राध्यापक मॅडम सांगत होत्या की महिन्याभराचा पाऊस आता दोन-तीन दिवसांत कोसळतो, नदीला तो पोटात घ्यायला सवड मिळत नाही, आणि आपण पन्नास वर्षांतून एकदा येतो म्हणतो तसा पूर यापुढे लवकर लवकर येऊ शकतो. त्यांनी आलेख दाखवले. लोक माना डोलवत होते आणि मनातून घरी पोचले होते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मी समजून चाललो.

तेवढ्यात मामांनी हात वर केला. "तुमचं सगळं खरं असेल. पण माझ्या दारात पाणी कुठवर येणार, ते बोटानं दाखवा."

मॅडमना तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी उरलेले आलेख दाखवलेच नाहीत. तिथल्या तिथं ठरलं की मागच्या पुराचं पाणी कुठवर होतं त्याची निळी रेघ गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर मारायची, आणि पुढचा पूर आला तर आसरा घ्यायची जागा आधीच जाहीर करायची. ती जागा म्हणजे अर्थातच सभागृह. वरच्या टोकाला, प्रशस्त, शिवाय पायऱ्या नाहीत. आमच्या तक्त्यात त्याला दहापैकी दहा गुण पडले. मामांनी तो तक्ता दोनदा वाचला आणि त्या दिवशी मला आग्रहानं जेवायला ठेवून घेतलं.

रेघेचं काम माझ्याकडे आलं. मी बत्तीस घरी विद्यार्थी पाठवले आणि पाणी कुठवर आलं होतं ते विचारून घेतलं. कुणी कंबर म्हणालं, कुणी खिडकी. एका आजोबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी सगळ्यांची सरासरी काढली. रस्त्यापासून चार फूट. आता दारोदार चार फूट मोजायचे आणि रेघ ओढायची. इतकं सुटसुटीत काम विद्यापीठात क्वचित वाट्याला येतं, म्हणून मी खुशीत होतो.

तीन घरं रंगवून झाली तेव्हा मामा आले. एक डोळा मिटून त्यांनी रेघ पाहिली.

"जावईबापू, ही रेघ रस्त्याबरोबर चढ चढतेय."

"हो मामा. सगळीकडे चार फूट."

"पाणी चढ चढतं का?"

मी ब्रश डब्यात ठेवला.

"रस्ता चढतो, उतरतो. साचलेलं पाणी सपाट असतं. आणि सरासरी काढत बसायला त्याला वेळ नसतो."

माझ्याबरोबरचे तिन्ही विद्यार्थी आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी पीएच.डी. केलेली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो.

मामा घरी जाऊन नळी घेऊन आले. गवंडी लोक पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी वापरतात. तिची दोन टोकं दोन भिंतींशी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न होता. गल्लीच्या खालच्या टोकाला, औषधाच्या दुकानात कपाटामागे, दुकानदाराच्या वडिलांनी पुराच्या दिवशी खिळ्यानं खूण कोरली होती. मामांनी तेवढी एकच साक्ष मानली. "बाकीच्यांच्या कंबरा आता जागेवर राहिल्या नाहीत," म्हणाले.

त्या खुणेवरून नळीनं टप्प्याटप्प्यानं पुढे जायचं, थांबायचं, रेघ मारायची. दुकानाशी रेघ साडेचार फुटांवर होती. मॅडम एकदा येऊन बघून गेल्या. त्यांनी सांगितलं की वाहत्या नदीच्या पाण्याला थोडा उतार असतो आणि सभागृह नदी वाहत जाते त्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथं पाणी आपल्या रेघेपेक्षा दोन बोटं कमी भरेल. मामांनी ते नीट ऐकून घेतलं. "ती दोन बोटं नदीची," ते म्हणाले. "तिच्याकडेच राहू द्या. आपण सपाट धरू."

दोन रविवार आम्ही गल्ली चढत होतो. रस्ता चढत होता, तशी भिंतीवरची रेघ खाली उतरत होती. छाती, मग पोट, मग कंबर. पण ती जितकी उतरायला हवी होती तितकी उतरत नव्हती. गल्लीचा चढ पायांना मोठा वाटतो, नळीला तो जेमतेम तीन फूट दिसला. मामा प्रत्येक खूण दोनदोनदा तपासायला लागले. मला वाटलं, ऊन लागतंय.

दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही सभागृहाशी पोचलो. मी नळीचं एक टोक बाहेरच्या खांबावरच्या खुणेला धरून उभा राहिलो. दुसरं टोक घेऊन मामा दारातून आत गेले. ते मला दिसत नव्हते.

"थांबलं का पाणी?" मी विचारलं.

"थांबलं."

"किती?"

उत्तर आलं नाही. वहीत मला एक आकडा तर लिहायचा होता. त्यांनी शून्य म्हटलं असतं तर मी शून्य लिहिलं असतं. 'आसऱ्याची जागा' असा फलक रंगवून तयार होता, येत्या शनिवारी लागायचा होता. आत दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांनी मोजलेलं तपासायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. माझा हात भरून आला.

"जावईबापू," आतून आवाज आला, "रंगाचा डबा आत आणा."

मामा भिंतीवर अंगठा टेकवून वाकले होते. अंगठा त्यांच्या गुडघ्याच्या वाटीसमोर होता. दीड फूट. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि रेघ स्वतः ओढली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आपल्याच हातानं गिलावा केलेल्या भिंतीवर. मग बाहेर येऊन तशीच दर्शनी भिंतीवर. हात जरासुद्धा हलला नाही. मला तिथं उभं राहवेना.

"अडीच फुटांचं जोतं असतं तर पाणी फूटभर खाली राहिलं असतं," ते म्हणाले आणि नळी गुंडाळायला लागले.

शनिवारी वर्गात समितीचे अध्यक्ष तावातावानं उभे राहिले. "कुणी सांगितलं होतं ही रेघ मारायला? हात दाखवून अवलक्षण! इतक्या वर्षांत आलंय का पाणी इथं?" बऱ्याच जणांना ते पटलं. चांगल्या रंगवलेल्या भिंतीवर वाईट बातमी कुणाला आवडते?

मामा पहिल्यांदाच शेवटच्या रांगेतून पुढे आले. "मागच्या पुरात हे सभागृह नव्हतं, म्हणून पाणी आत आलं नाही. नकाशात जोतं उंच होतं. ते मी खाली आणलं. चूक माझी आहे. पूर आला तर इथं कुणी थांबायचं नाही." एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

मॅडम म्हणाल्या की मग शाळेचा वरचा मजला तेवढा उरतो. शाळा म्हणजे जिना. सगळ्यांनी मामींकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

मामी शांतपणे म्हणाल्या, "त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. पाणी आलं तर मी घरीच बसेन." त्या जे म्हणतात ते करतात, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शाळेच्या मागे सापडले. शाळा उंचवट्याला पाठ लावून उभी आहे. पुढून दुमजली दिसते, पण मागच्या बाजूला जमीन इतकी वर आहे की वरचा मजला तिथून फक्त साडेचार फूट उंच पडतो. बाजूच्या बोळातून तिथं सावकाश चालत जाता येतं. मामांनी मला टेप धरायला लावली. जिना नको, उतार करू, मागच्या खिडकीचं दार करू. विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीनं नकाशा काढून दिला आणि भीतभीत सांगितलं की फूटभर चढायला बारा फूट लांबी हवी, नाहीतर गुडघ्यांना त्रास होतो. मामांच्या मनात आठ होते. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे." मामा दुसऱ्याचं माप मान्य करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

शाळेनं परवानगी दिली आणि शनिवारचा वर्ग रविवारी विटा वाहू लागला. मॅडमनी एकदा सिमेंट-वाळूचा माल कालवला, मामांनी तो गुपचूप परत कालवला. चौथ्या रविवारी अध्यक्ष आले, बराच वेळ मागे हात बांधून उभे राहिले आणि मग न बोलता विटांच्या रांगेत शिरले. आजवर वर्गात न शिकवलेलं सगळं लोक तिथं शिकले. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला ऐकू येत नाही, कोण कुणाला बोलवायला जाणार, हे विटा देता-घेता ठरून गेलं. मी ते फक्त लिहून घेतलं.

काम संपत आल्यावर मामी चालून बघायला आल्या. मध्यावर थांबल्या. "इथं दम लागतो. टेकायला जागा नाही." मामांनी आदल्या रविवारचं पक्कं काम फोडलं आणि तिथं चार फुटांची सपाट जागा केली. कठडाही मामींच्या हाताच्या उंचीचा झाला. उंच माणसांनी वाकून धरावा, असं ठरलं.

पूर पुढच्या वर्षी आला, भर दिवसा. तीन दिवस धार तुटली नव्हती. अकरा वाजता इशारा आला तेव्हा यादीप्रमाणे फोन फिरले आणि रेघ जिथं सगळ्यात उंच होती ती घरं आधी रिकामी झाली. सत्तेचाळीस माणसं उतारावरून वर गेली. मामी औषधांची पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी चढल्या. मधल्या जागेवर ऐटीत थांबल्या, आणि मागची रांग त्यांच्यासाठी थांबली. वर अध्यक्षांनी धावतपळत जाऊन त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. मनात चांगलंच होतं त्यांच्या. मामींनी खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला धाप लागलीय."

अध्यक्ष बसले.

मामा पुढच्या खिडकीशी उभे होते. सभागृह रस्त्याच्या पलीकडे, समोरच. बाराच्या सुमाराला पाणी दारापाशी आलं आणि सरळ आत गेलं. त्यालाही पायरी चढावी लागली नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी शेजारी उभा राहिलो. दर्शनी भिंतीवर पाणी रेघेकडे सरकत होतं. तीनच्या सुमाराला ते थांबलं.

मामी भिंतीच्या आधारानं खिडकीपाशी आल्या. "किती आलंय?"

"रेघेला दोन बोटं कमी."

"मग चुकलात की हो."

मामांनी बाहीनं डोळे पुसले. त्यांना हसू फुटलं. "ती दोन बोटं नदीची," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी मामींना खिडकीशी जागा करून दिली.